चित्रकाराचा वाटा

डिसेंबर २०२५ मध्ये ‘इंडी गेम अवॉर्ड्स’च्या संयोजकांनी जाहीर केलेले दोन पुरस्कार परत घेतले. खेळ होता ‘क्लेर ऑब्स्क्यूर : एक्स्पिडिशन ३३’, फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॲक्टिव्ह या स्टुडिओने बनवलेला. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या खेळाचं जगभर कौतुक झालं होतं, आणि त्याच डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम ठरला होता. मात्र तो बनत असताना तात्पुरती जागा भरण्यासाठी एआयने तयार केलेली काही टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं) वापरली गेली होती आणि त्यातली काही काढायची राहून विक्रीच्या आवृत्तीत गेली. खेळणाऱ्यांच्या ते लक्षात आलं, स्टुडिओने पाच दिवसांत ती बदललीही. पण पुरस्कारासाठी खेळ पाठवताना, जनरेटिव्ह एआय वापरलेलं नाही असं स्टुडिओकडून सांगण्यात आलं होतं, असं संयोजकांनी स्पष्ट केलं. वर्षातल्या सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार मग ‘ब्लू प्रिन्स’कडे गेला आणि पदार्पणाचा ‘सॉरी वी आर क्लोज्ड’कडे.

एवढ्या मोठ्या खेळातली चार-दोन टेक्श्चर, तीही नजरचुकीने राहिलेली. त्यासाठी इतकी कठोर शिक्षा कशाला, असं पुष्कळांना वाटलं. नियम आहे तर तो मोडल्यावर थोडं आणि फार असा हिशेब कुठे मांडायचा, असं दुसऱ्यांनी विचारलं. दोन्हीकडे गेमवर जीव असलेली माणसं होती. हा वाद एका पुरस्कारापुरता नाही. संगणकाला चार शब्द सांगितले की चित्र हातात पडतं, अशा काळात एकट्याने किंवा चार-पाच जणांनी मिळून खेळ बनवणाऱ्यांनी त्या चित्राचं काय करावं, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. पुढच्या पानांत त्याच्या निरनिराळ्या बाजू येतील. हा प्रश्न उभा कसा राहिला, इंडी गेमच्या जगालाच तो इतका का टोचतो आणि मला स्वतःला त्यात काय योग्य वाटतं, एवढं त्याआधी सांगायला हवं.

मोठ्या कंपन्यांच्या गेमसाठी शेकडो चित्रकार राबतात. इंडी गेमच्या मागे पैसा नसतो, माणसं नसतात, वेळही नोकरीतून चोरलेला असतो. पण या खेळांचं रूप त्या तंगीतूनच घडलं आहे. माइक बिथेलच्या ‘थॉमस वॉज अलोन’मधली (२०१२) पात्रं म्हणजे नुसते रंगीत आयत. निवेदकाच्या आवाजाने त्या आयतांना स्वभाव दिले आणि खेळणाऱ्यांना त्यांचा लळा लागला. लुकास पोपने ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखा दोनच रंगछटांत उभा केला. ‘स्टारड्यू व्हॅली’ची (२०१६) चित्रं, संगीत, संवाद आणि कोड हे सगळं एरिक बॅरोनने एकट्याने चार-साडेचार वर्षं खपून केलं. ‘कपहेड’ (२०१७) बनवणाऱ्या कॅनडातल्या मोल्डेनहावर बंधूंनी १९३०च्या दशकातल्या कार्टूनपटांच्या धर्तीवर पात्रांच्या हालचाली कागदावर हाताने काढून घेतल्या आणि त्या खर्चासाठी घरं गहाण टाकली.

ज्यांच्या हातात चित्रकला नव्हती त्यांच्यासाठीही वाटा होत्या. लुका गलान्ते यांचा ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ आधी विकत घेतलेल्या तयार चित्रांवरच उभा राहिला, आणि २०२३ मध्ये बाफ्टाने त्याला सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून गौरवलं. नेदरलँड्समधला केनी हा निर्माता हजारो चित्रं कुणीही वापरावीत म्हणून मोफत देतो. तयार चित्र वापरणं हे इंडी जगात कधीच कमीपणाचं नव्हतं. ते कुणीतरी राजीखुशीने दिलेलं किंवा विकलेलं असायचं, एवढीच अट होती.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ बनवला. २०१७ मधली त्यांची किकस्टार्टरवरची लोकवर्गणीची मोहीम ठरवलेल्या रकमेपर्यंत पोचली नाही. तरी काम चालू राहिलं आणि २०२० मध्ये खेळ आला. श्रुती घोष यांच्या कला-दिग्दर्शनाखाली त्यात पहाडी चित्रशैली आणि राजस्थानातली वास्तुकला उतरली, आणि कथेचे भाग छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितले गेले. पुढे ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. कुठला रंग घ्यायचा, कुठली कमान ठेवायची, कुठे बाहुल्यांवर भागवायचं, हे प्रत्येक वेळी कुणीतरी बसून ठरवलं होतं. पैसा कमी असताना केलेल्या अशा निवडी खेळभर दिसतात, आणि इंडी गेमवर माणसं जीव लावतात ते त्यामुळेच.

२०२२ च्या उन्हाळ्यानंतर हे चित्र बदललं. शब्दांवरून चित्र बनवणारं मिडजर्नी सर्वांसाठी खुलं झालं, ऑगस्टमध्ये तसंच स्टेबल डिफ्युजन आलं. ही मॉडेल्स चित्र काढायला शिकतात ती माणसांनी काढलेल्या चित्रांवरून. स्टेबल डिफ्युजनच्या मागे लायन-५बी नावाचा संग्रह होता, ज्यात इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५.८५ अब्ज चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णनं होती. ती चित्रं कुणाची, त्यांना विचारलं का, हा प्रश्न तो संग्रह उभा करताना कुणी विचारला नाही. ग्रेग रुटकोव्स्की हा पोलंडचा चित्रकार ड्रॅगन, योद्धे, वादळी आकाश अशी चित्रं काढतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळांसाठी त्याने काम केलं आहे. मॉडेल्स आल्यावर काही महिन्यांतच त्याचं नाव प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनेत, सर्वाधिक लिहिल्या जाणाऱ्या नावांपैकी एक झालं. त्याच्या नावाने शोध घेतला तर त्याने कधीच न काढलेली चित्रं समोर येऊ लागली. ज्या धंद्यात त्याने नाव कमावलं, त्याच धंद्यात त्याचं नाव त्याच्या विरोधात वापरलं जाऊ लागलं.

गेम बनवणाऱ्याची बाजूही नीट ऐकून घ्यायला हवी. दिवसा नोकरी करून रात्री कोड लिहिणारा एखादा मुलगा असतो. त्याच्या खेळात चाळीस पात्रं, दोनशे वस्तू आणि बारा ठिकाणं आहेत. चित्रकाराला देण्यासारखे पैसे त्याच्याकडे नाहीत आणि चित्र काढायला त्याचा स्वतःचा हात चालत नाही. तो म्हणतो, ‘मी कुणाची नोकरी घालवत नाहीये, कारण मी कुणाला नेमणारच नव्हतो. हे साधन नसतं तर माझा खेळच झाला नसता.’ यातलं वाक्यन्‌वाक्य खरं असू शकतं, आणि त्याची गरज खोटी नाही. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. गरज खरी असली म्हणजे हक्क मिळतोच असं नाही, आणि इथे त्या गरजेची किंमत कुणी धनाढ्य कंपनी मोजत नाही. ती मोजतो दुसरा तितकाच तंगीतला माणूस. इंडी गेम बनवणारा आणि त्याच्यासाठी चित्र काढणारा, दोघेही महिन्याच्या बिलांची चिंता करणारेच असतात. बरोबरीच्या माणसाकडून न विचारता घेतलं तर दोष कमी होत नाही, उलट वाढतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. यंत्राने घडवलेली दुनिया गेममध्ये आजची नाही. ‘रोग’ हा खेळ १९८०च्या सुमारास आला, त्यात प्रत्येक डावाला भुयारं नव्याने तयार होत. ‘एलिट’ने (१९८४) तुटपुंज्या मेमरीत आकाशगंगा बसवल्या, आणि ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये डोंगर, नद्या, राजघराण्यांचा इतिहास हे सगळं नियमांतून जन्मतं. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण ते नियम खेळ बनवणाऱ्याने स्वतः लिहिले होते. त्या आकाशगंगा दुसऱ्या कुणाच्या अब्जावधी चित्रांतून पिळून काढलेल्या नव्हत्या. त्यामुळे माणूस विरुद्ध यंत्र अशी या वादाची मांडणी केली तर आपण वाट चुकू. मुद्दा संमतीचा आहे.

‘चित्रकारही दुसऱ्यांची चित्रं पाहूनच शिकतात, मग मॉडेल शिकलं तर काय बिघडलं?’ हा प्रश्न नेहमी येतो. शिकणारा चित्रकार वर्षानुवर्षं हात घासतो, आणि शिकून झाल्यावर तो एक माणूस असतो. महिन्याला मोजकीच कामं घेऊ शकतो. ज्याच्याकडून शिकला त्याचं नाव तो बहुधा सांगतो. मॉडेल मात्र त्याच बाजारात, त्याच गिऱ्हाइकाला, त्याच चित्रकाराच्या नावावर अगणित चित्रं पुरवतं. शैलीवर कायद्याने कुणाची मालकी नसते, हे खरं. पण जे कायद्यात बसतं ते सगळं योग्य असतं का, याचं उत्तर इंडी जगाने स्वतःच पूर्वी देऊन ठेवलं आहे.

अशर व्हॉल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांनी १४ महिने खपून ‘थ्रीज’ हा आकड्यांचा छोटा खेळ बनवला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो आला, आणि काही आठवड्यांत त्याच कल्पनेवरचे नकली खेळ बाजारात उतरले. मार्चमध्ये ‘२०४८’ आला. गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या मुलाने तो एका शनिवार-रविवारात बनवून फुकट ठेवला होता. जगाने तोच खेळला. पुष्कळांना तर मूळचा कुठला हेही कळलं नाही. तेव्हा थ्रीजच्या कर्त्यांनी चौदा महिन्यांतला आपसातला पत्रव्यवहार जाहीर केला: कोणती कल्पना का टाकली, कोणती का ठेवली, याचा सगळा माग. त्याआधी नेदरलँड्समधल्या व्लॅम्बियर स्टुडिओच्या बाबतीतही असंच झालं होतं. त्यांच्या ‘रॅडिकल फिशिंग’ची नक्कल ‘निंजा फिशिंग’ या नावाने २०११ मध्ये फोनवर आली, आणि त्यांचा स्वतःचा फोनवरचा ‘रिडिक्युलस फिशिंग’ निघायला २०१३ उजाडलं.

या दोन्ही वेळी कायदा मदतीला आला नाही. खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो. तरी इंडी समाजातल्या पुष्कळांनी म्हटलं की हे बरोबर नाही. वर्षभराची मेहनत कुणी आठवड्यात उचलून नेतो तेव्हा कायदेशीर आहे एवढं उत्तर पुरत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्यांनी हे सोसलं, ज्यांनी त्या पत्रव्यवहाराच्या बाजूने उभं राहून लिहिलं, त्यांनीच आज चित्रकाराला ‘शैलीवर कॉपीराइट नसतो’ असं सुनवावं, हे मला पटत नाही. आपल्या कल्पनेसाठी मागितलेला न्याय दुसऱ्याच्या रेषेलाही द्यायला हवा. या विषयात मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

कायद्याचं चित्र अजून सरकतं आहे. सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी जानेवारी २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआय, मिडजर्नी आणि डेव्हियंटआर्ट यांच्यावर अमेरिकेत खटला भरला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने कॉपीराइटचे मुख्य दावे पुढे चालू द्यायचं ठरवलं. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सलने मिडजर्नीला न्यायालयात खेचलं. लंडनच्या उच्च न्यायालयात मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये गेटी इमेजेसचा स्टॅबिलिटी एआयविरुद्धचा कॉपीराइटचा दावा टिकला नाही. मॉडेलमध्ये चित्रांच्या प्रती साठवलेल्या नसतात, असं तिथे ठरलं. गेम बनवणाऱ्याने आणखी एक निकाल ध्यानात ठेवावा. ‘झारिया ऑफ द डॉन’ या कॉमिकबद्दल अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवलं की मजकूर आणि मांडणीला संरक्षण आहे, मिडजर्नीने काढलेल्या चित्रांना नाही. म्हणजे एआयकडून करून घेतलेला तुमचा नायक उद्या कुणी उचलला, तर त्याला अडवायला तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

भारताच्या १९५७ च्या कायद्यात संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असं कलम आहे. पण ते लिहिलं गेलं तेव्हा अशी मॉडेल्स कुणाच्या मनात नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने एक प्रस्ताव मांडला: एआय कंपन्यांना प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना असावा आणि निर्मात्यांना स्वामित्वधन मिळावं. त्यात निर्मात्याला नाही म्हणण्याची सोय नाही. पैसे मिळणं महत्त्वाचं आहेच. पण विचारलं जाणं आणि नाही म्हणता येणं, हाही वाट्याचाच भाग आहे, आणि तो रकमेने भरून निघत नाही.

हा मुद्दा महाराष्ट्रात आणखी गडद होतो. गेमला ‘देशी’ रूप द्यायचं म्हणून कुणी प्रॉम्प्टमध्ये वारली शैली असं लिहितो आणि त्रिकोणी माणसांचा फेर, तारपा, झाडं असं काहीतरी पडद्यावर येतं. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि पालघर जिल्ह्याच्या पाड्यांवर आजही ही चित्रं काढून घर चालवणारी कुटुंबं आहेत. लग्नाच्या चौकाला तिथे जागा आहे, प्रसंग आहे, तो काढणाऱ्या बायकांचा मान आहे. मॉडेलला यातलं काही ठाऊक नसतं. ते आकार जुळवून देतं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीचंही असंच होईल. तिथले परशुराम गंगावणे २०२१ मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले, ती परंपरा घरात टिकवल्याबद्दल. ज्यांच्या कलेचा वापर आधीच पिशव्यांवर आणि भिंतींवर नाव न सांगता होत आला, त्यांना गेममध्येही त्याच रांगेत उभं करायचं का? पाड्यावर जाऊन एका चित्रकाराला पाच पात्रं काढायला सांगणं पुण्या-मुंबईच्या स्टुडिओला परवडत नाही, असं म्हणणं कठीण आहे.

चित्रकाराइतकाच खेळणाऱ्याचाही हक्क आहे, तो म्हणजे खरं कळण्याचा. स्टीम हे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०२३ मध्ये एआय चित्रं असलेले काही खेळ नाकारले. जानेवारी २०२४ पासून धोरण बदललं: खेळ घेतले जातील, पण एआय कुठे वापरलं ते बनवणाऱ्याने सांगायचं आणि ते विक्रीच्या पानावर दिसेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये इच डॉट आयओ या इंडी खेळांच्या संकेतस्थळाने तयार चित्रसंच विकणाऱ्यांना अशीच माहिती देणं भाग पाडलं. चित्रसंच विकत घेणाऱ्या गरीब निर्मात्याला याचा मोठा आधार आहे, नाहीतर आपण काय घेतोय हे त्यालाच कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’च्या नव्या आवृत्तीत, बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेतलेल्या चित्रांवर एआयचा संशय घेतला गेला आणि स्टुडिओला ती काढावी लागली. संशयाचं हे वातावरण हाताने काढणाऱ्यांनाही पोळतं. बोटं थोडी वेडीवाकडी आली तरी चित्रकाराला आता कच्चे आराखडे दाखवून स्वतःची बाजू मांडावी लागते. पुराव्याशिवाय असा आरोप करणं हाही त्या चित्रकारावर अन्यायच आहे. लपवाछपवी कमी झाली तरच हा संशय कमी होईल.

आणखी एक अडचणीचा प्रश्न राहतो. कोड लिहिताना एआयची मदत सर्रास घेतली जाते. मग चित्रासाठी सोवळं आणि कोडसाठी ओवळं का? थोडा फरक आहे. पुष्कळसा कोड लिहिणाऱ्यांनीच दुसऱ्यांनी वापरावा म्हणून मुक्त परवान्याखाली ठेवलेला असतो. चित्रकारांनी तसं केलेलं नव्हतं. पण त्यातल्या बहुतेक परवान्यांतही श्रेय देण्याची अट असते, आणि ती मॉडेल पाळत नाही. त्यामुळे प्रोग्रामरनेही या आरशात पाहावं. चित्रकाराला एक न्याय आणि स्वतःला दुसरा असं करून हा वाद सुटणार नाही.

मला काय योग्य वाटतं ते आता सांगतो. विकायच्या खेळात, न विचारता गोळा केलेल्या चित्रांवर शिकलेल्या मॉडेलची चित्रं घालू नयेत. तात्पुरती म्हणूनही नकोत. जागा भरायला करडे ठोकळे वर्षानुवर्षं पुरले आहेत, आणि तात्पुरतं म्हणून ठेवलेलं शेवटपर्यंत राहतं हे माँपेलिएच्या उदाहरणाने दाखवलं आहे. एखाद्या चित्रकाराने स्वतःच्याच चित्रांवर साधन घडवलं असेल, किंवा ज्यांची चित्रं घेतली त्यांनी होकार देऊन मोबदला घेतला असेल, तर माझी हरकत नाही. ज्याने एआय वापरलं आहे त्याने ते कुठे आणि किती हे स्पष्ट लिहावं. ‘थोडीफार मदत घेतली’ असं मोघम सांगून भागवू नये. चित्रकाराबरोबर काम करताना मानधन आगाऊ ठरवावं, रोख देता येत नसेल तर विक्रीतला हिस्सा कागदावर लिहून द्यावा, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव आपल्या नावाजवळ ठेवावं.

आणि हे सगळं केल्यावरही पैसे कमी पडले तर? तर चाळीस पात्रांची आठ करा, बारा ठिकाणांची दोन करा, रंग कमी करा, आयतांवर भागवा. इंडी गेमची परंपरा अशा काटछाटीतूनच मोठी झाली आहे. परवडत नसेल तेव्हा खेळाचा आकार कमी करावा. चित्रकाराचा वाटा कमी करायचा अधिकार आपल्याला नाही.